मदत हवी आहे: ४३ व्या वर्षी एअर पिस्टल शिकतेय. चष्मा, डावा डोळा आणि स्वतःचं पिस्टल

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी सांगली जिल्ह्यातली, बँकेत नोकरीला. कॉलेजात एनसीसीला होते तेव्हा कॅम्पमध्ये पॉइंट टू टू (.२२ बोअरच्या) रायफलने पालथं पडून पाच गोळ्या मारल्या होत्या, पाचही एका रुपयाखाली झाकतील अशा, सुभेदार साहेब म्हणाले, "पोरी, हात चांगलाय, सोडू नकोस." पण सुटलंच. मग २०२४ च्या १ ऑगस्टला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायचं) ब्राँझ मिळालं. ती फायनल लंच टाइममध्ये मोबाईलवर बघत होते, डबा तसाच राहिला, आणि त्या दिवशी ठरवलं की आता नाही तर कधीच नाही.

सध्या तीन महिने झाले, आठवड्यातून तीन संध्याकाळी रेंजवर जाते. १० मीटर एअर पिस्टल, क्लबचंच वापरते. दहा शॉटची सिरीज शंभरपैकी ६५ ते ७२ च्या मध्ये येते, एकदाच ७८ आली. पुढं सरकतच नाहीये आणि अडचणी खाली लिहितेय त्या अशा.

एक तर डोळे. जवळचा चष्मा लागलाय. चष्मा न लावता वीसेक शॉटनंतर फ्रंट साईटची (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या पात्याची) धार पुसट होते, लावला तर टार्गेटवरचा काळा गोल पार धुक्यात जातो. त्यात परवा कळलं की मी उजव्या हाताची असून माझा मास्टर आय (नेम धरताना ज्याचं दिसणं वरचढ ठरतं तो डोळा) डावा आहे, म्हणजे दोन्ही पंज्यांचा त्रिकोण करून दूरच्या खिळ्याकडे बघितलं आणि डावा डोळा मिटला तर खिळा गायब. सर म्हणतात डावा मिटून मार, तसं करते, पण अर्ध्या तासात गालाचे स्नायू ओढायला लागतात आणि उजवा डोळाही बारीक होतो. हात बदलू का?

दुसरं, पिस्टल. क्लबमध्ये (नाव लिहीत नाही, बाकी माणसं चांगली आहेत) पहिल्या पंधरवड्यापासून मागे लागलेत की स्वतःचं घ्या, त्याशिवाय प्रगती नाही. नवीन इम्पोर्टेड मॅच पिस्टल दीड-दोन लाखांच्या घरात जातं, मुलीची बारावी आहे, माझ्या पगारातून एवढे काढणं म्हणजे घरात बोलावं लागेल. म्हणून एक सेकंडहँड ९० हजाराला दाखवलं, "आजच टोकन द्या, नाहीतर जाईल" म्हणाले. मला ही घाई पटली नाही.

तिसरं, कोपर दुखतंय. आणि जिल्हास्तरावर उतरायला अजून किती थांबावं? खरंच मनापासून करायचंय, टाइमपास म्हणून नाही. अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद १

ताई, आधी अभिनंदन. मी वीसेक वर्षं पिस्टल मारतोय, आता पोरांना शिकवतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

काळा गोल धूसर दिसतोय ना, दिसू दे! तो तसाच दिसायला हवा. हिशोब करून बघा. पिस्टलच्या मागच्या साईटपासून पुढच्या साईटपर्यंत साधारण ३५ सेंटीमीटर, आणि टार्गेट १० मीटरवर. हात सरळच्या सरळ १ मिलिमीटर बाजूला गेला तर पेलेट पण १ मिलिमीटरच बाजूला जाते. पण फ्रंट साईट मागच्या साईटच्या खाचेत १ मिलिमीटर तिरकी झाली तर टार्गेटवर तो फरक २८-२९ मिलिमीटर होतो. आणि पिस्टलच्या कार्डावरचं दहाचं वर्तुळ आहे सगळं ११.५ मिलिमीटरचं. म्हणजे हात हलतो त्याची भीती नाही, तो सगळ्यांचाच हलतो, ऑलिंपिकवाल्यांचा पण. फ्रंट साईटच्या दोन्ही बाजूंना उजेडाची फट सारखी आहे का एवढंच बघायचं, नेम काळ्या गोलाच्या मध्यात नाही, खालच्या पांढऱ्यात ठेवायचा. तुमच्या ६५ मध्ये निम्मं कारण हेच असणार, तुम्ही गोलाकडे बघत असणार.

चष्म्याचं म्हणाल तर वाचायचा चष्मा ४० सेंटीमीटरसाठी असतो, फ्रंट साईट तुमच्या डोळ्यापासून ८०-९० सेंटीमीटरवर असते. म्हणून तो नंबर जास्त पडतो. रेंजवर कुणाला तरी टेप धरायला सांगा, डोळा ते फ्रंट साईट अंतर मोजा आणि तेवढ्या अंतरासाठी उजव्या डोळ्याचा नंबर काढून द्या असं चष्मेवाल्याला सांगा. बहुतेक वेळा दूरच्या नंबरात पाऊण-अर्धा प्लस मिळवला की काम होतं. प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत दूर-जवळचे नंबर असलेला) नको, मान जरा हलली की नंबर बदलतो.

हात बदलू नका. रायफल असती तर खांदा बदलायचा विचार करा म्हटलं असतं, पिस्टलला मान थोडी वळवून उजवा डोळा रेषेत आणता येतो. आणि डावा मिटू नका, झाका. चष्म्याच्या डाव्या काचेवर पांढऱ्या कागदाची ३ सेंटीमीटरपेक्षा कमी रुंद पट्टी लावा, नियमात ३० मिलिमीटरपर्यंत चालते. पांढरीच लावा, काळी लावली तर दोन्ही डोळ्यांत उजेड वेगवेगळा जातो आणि उजव्या बाहुलीवर परिणाम होतो.

प्रतिसाद २

+१ वरच्या दादांना. मी पुण्याची, बालेवाडीला मारते, चाळिशीनंतरच सुरू केलं.

ताई ते ९० हजारवालं अजिबात घेऊ नका, निदान सिलिंडरवरची तारीख बघितल्याशिवाय तरी नाही. हवेच्या सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते, त्यात २०० बारचं प्रेशर असतं आणि कंपन्या १० वर्षांचीच मुदत देतात. स्पर्धेत सिलिंडर मुदतीतला आहे ही जबाबदारी आपलीच असते. लायसन्सची काळजी करू नका, पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरच्या आणि २० जूलच्या आतल्या ताकदीच्या एअर पिस्टलला लागत नाही, पण बिल मात्र नावावर घ्या.

आणि पिस्टलआधी ग्रिप (मूठ) बघा. क्लबचं ग्रिप बहुतेक पुरुषांच्या हाताचं, मोठं असतं, आपल्या हातात ते फिरतं, मग आपण आवळून धरतो आणि कोपर दुखतं. माझं दोन महिने असंच दुखलं. घरी पिस्टल नसलं तरी होल्डिंग (हात लांब करून वजन स्थिर धरायचा सराव) करता येतं, मी लिटरची भरलेली बाटली धरून करायची, दूध तापेपर्यंत. दहा सेकंद धरा, वीस सेकंद सोडा. पण आत्ता दुखतंय तोवर नको, आधी फिजिओला दाखवा.

जिल्हास्तर? लगेच उतरा. स्कोअर काय येतो ते येऊ दे, ६० शॉट ७५ मिनिटांत मारताना आपलं काय होतं ते क्लबमध्ये कधीच कळत नाही. पुढे राज्य स्पर्धेत पंचेचाळिशीच्या वरच्यांचा वेगळा गट पण असतो, तुम्हाला दोनच वर्षं राहिलीत.

धागाकर्ती

दोघांचे खूप खूप आभार. काल रेंजवर गेल्या गेल्या त्या सेकंडहँड पिस्टलचा सिलिंडर उलटा करून बघितला, मार्च २०१४! सरांना दाखवलं तर म्हणाले चालतंय की अजून. मी हात जोडून नाही म्हटलं.

टेपने मोजलं, ८४ सेंटीमीटर भरलं. चष्मा शनिवारी मिळेल. पट्टी मात्र कालच लावली, पोस्टकार्ड कापून, आणि गाल अजिबात दुखला नाही. दहा शॉट गोलाकडे न बघता फक्त उजेडाच्या दोन फटी बघत मारले, सातव्याला मोह झाला आणि बघितलंच, तो सहा गेला. बाकी नऊमध्ये एकही आठच्या खाली नाही. एकूण ८१. कार्ड बॅगेत ठेवलंय.

जिल्ह्याच्या स्पर्धेचा फॉर्म भरतेय. आता एकच, क्लबच्या परवानगीने जुनं एक लहान ग्रिप मिळालंय पण अंगठ्याच्या मुळाशी टोचतं, तिथं घासायचं की उलट बाकी ठिकाणी पुटी भरायची? सांगली-मिरज-कोल्हापूर भागात हे काम नीट करणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.