नातू येतो, पण बॅग उघडत नाही

कृष्णाकाठची_आजी

नमस्कार. मी मूळची सांगलीची, सध्या पुण्यात कोथरूडला मुलाकडे. वय ६७. टाइप करताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या, मोबाइलवर मराठी कीबोर्ड नातवानेच टाकून दिलाय.

मुलाचा आणि सुनेचा गेल्या वर्षी परस्परसंमतीने घटस्फोट झाला. (माजी सून म्हणायला जीभ रेटत नाही, सूनच म्हणते.) दारू, मारहाण असलं काही नव्हतं, पटेना. नातू ८ वर्षांचा, तिसरीत. आईजवळ चिंचवडला असतो. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी दहाला येतो, रविवारी सहाला जातो. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी निम्मी.

येतो, हसतो, जेवतो. पण बॅग दाराशी, चपलांच्या रॅकला टेकवून ठेवतो. मी कपाटातला एक खण रिकामा करून दिलाय, त्याला हातही लावत नाही. दात घासायचे झाले की बॅगेची पुढची चेन उघडणार, ब्रश काढणार, घासून झाल्यावर रुमालाने पुसून परत आत, चेन बंद. म्हटलं, अरे ओला ब्रश कोंदतो आत, ठेव की इथे ग्लासात. तर म्हणाला, "आणि विसरला तर?"

दुसरी गोष्ट माझीच आहे, लपवत नाही. तो आला की मी शिरा करते आणि समोर बसून विचारते. आई कशी आहे, रात्री किती वाजता येते, स्वयंपाकाला बाई ठेवली का, मामा आला होता का. मागच्या खेपेला घास हातात धरून म्हणाला, "आजी, आईपण असंच विचारते."

मला काही सुचेना. अजून थोडा शिरा वाढला.

विचारावं तर असं, न विचारावं तर पोर परक्यासारखं वाटतं. बोलायचं काय त्याच्याशी? आणि त्या बॅगेचं काय करू?

दोनघरवाला

आजी, मी आता २९ चा आहे. आईबाबा वेगळे झाले तेव्हा चौथीत होतो.

बाबांकडून परत आलो की आई विचारायची, मजा आली का? 'आली' म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. 'नाही' म्हटलं की ती लगेच बाबांना फोन लावायची. मग मी 'ठीक' हा शब्द शोधून काढला. दहावीपर्यंत त्याच्यावर निभावलं. आजही बायको वैतागते, की तुझं सगळं 'ठीक' का असतं.

निरोपांचा धंदा तर विचारू नका. "बाबांना सांग, क्लासची फी राहिलीये." "आईला सांग, जमणार नाही." दहा वर्षांच्या पोराने कुठल्या तोंडाने सांगायचं?

बॅगेबद्दल. माझी भूगोलाची वही एकदा बाबांकडे राहिली. बाईंनी वर्गात उभं करून विचारलं, कुठे राहिली? सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय. त्या दिवसापासून मी बॅग उघडणं बंद केलं. तुमच्या नातवाचा तुमच्यावर राग नसावा, त्याला एवढंच हवंय की काही मागे राहू नये. दुसरा ब्रश आणा. तुम्ही आणू नका, त्याला दुकानात न्या, रंग त्यालाच निवडू दे. कंपास, चड्ड्या, नाइट ड्रेस, सगळं दोन दोन. खण नंतर बघा.

मिरजकर_काका

आमच्या वेळी हे नव्हतं. पोराकडे बघून जुळवून घ्यायची माणसं. अजून वेळ गेलेली नाही, दोघांना समोर बसवा.

कृष्णाकाठची_आजी

काका, बसवून झालं. तीन वर्षं बसवून झालं. तुम्ही बॅगेचं सांगा.

काळा_कोट

कौटुंबिक न्यायालयात १४ वर्षं वकिली करते, म्हणून थोडं रोखठोक लिहिते.

घटस्फोट झाला म्हणजे मुलाचा विषय मिटला असं नसतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताब्याचा आणि भेटीचा आदेश नंतरही बदलून मागता येतो. त्यामुळे तुम्ही शिरा वाढताना सहज विचारलेलं "आई किती वाजता येते?" पुढेमागे प्रतिज्ञापत्रात परिच्छेद होऊन येतं. तुम्ही तसं करणार नाही हो, पण पोराला ते कसं कळावं? त्याला एवढंच दिसतं की दोन्हीकडे आपली उलटतपासणी चालते.

पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईजवळ, असं १९५६ च्या पालकत्व कायद्यात आहे. त्यापुढे मुलाचं हित बघतात, आणि मूल समजतं असेल तर न्यायाधीश चेंबरमध्ये बोलावून त्याच्याशी बोलू शकतात. पढवलेलं मूल लगेच कळतं. सात वर्षांची पोर 'मानसिक छळ' म्हणाली की आम्ही वकीलसुद्धा खाली बघतो.

आणि आजी-आजोबांच्या भेटीसाठी त्या कायद्यात वेगळं कलम नाही. तुमचा वेळ म्हणजे तुमच्या मुलाला मिळालेला वेळ. उद्या त्याची परगावी बदली झाली तर? सुनेशी दोन शब्द चालू ठेवा.

शनिवारची_आई

मी तुमच्या सुनेच्या जागी आहे, नाशिकला. सासूबाईंशी बोलणं बंद आहे. पण पहिल्याच महिन्यात त्यांनी मुलीबरोबर स्टीलच्या डब्यात थालीपीठं पाठवली. रिकामा डबा परत कसा पाठवायचा? मी नारळाच्या वड्या भरल्या. आता दोन वर्षं झाली, तो डबा जातोय आणि येतोय. त्याला एका बाजूला पोचा आलाय. मुलगी रिक्षातच झाकण उघडून बघते.

फोन नाही, मेसेज नाही. गौरी-गणपतीला मुलगी कुणाकडे यावरून अजूनही तिच्या बाबाशी वाजतं. पण डब्यावरून कधी वाजलेलं नाही.

एक विनंती. आलेल्या-गेलेल्यांना त्याच्यासमोर "बिचारं पोर" म्हणू देऊ नका. माझी मुलगी एकदा विचारत होती, आई, मला काही झालंय का?

कृष्णाकाठची_आजी

सगळ्यांचे आभार. काल-परवा तो येऊन गेला, म्हणून लिहिते.

ब्रश घ्यायला गेलो. पाऊण तास लागला. नारिंगी घेतला. घरी आल्यावर विचारतो, हा आईकडे न्यायचा का इथला? म्हटलं, इथला. तर स्केचपेन घेऊन दांड्यावर 'को' लिहिलं. म्हणजे कोथरूड. दोनदा धुतल्यावर पुसलं, पुन्हा लिहिलं.

आईचं काही विचारलं नाही. फार जड गेलं, खोटं कशाला बोलू. जिभेवर आलेलं गिळलं आणि वर्गात शेजारी कोण बसतं ते विचारलं. त्यावर अर्धा तास बोलला. शेजारचा मुलगा खोडरबर खातो म्हणे.

बॅग दाराशीच होती.

जाताना डब्यात शिरा भरून दिला. "आईला काय सांगू?" म्हणाला. म्हटलं, काही सांगू नकोस, नुसता दे. डबा अजून आलेला नाही. तिसऱ्या शनिवारी बघू.