पोटात गोळा आला म्हणून राजीनामा?

आडवाट : ‘रविवारी संध्याकाळी पोटात गोळा आला की नोकरी सोडण्याची वेळ झाली असे समजावे’ हे परवाचे विधान आणि त्यावरील टाळ्या वाचून राहवले नाही. मला असा गोळा नऊ वर्षे येत होता. त्याचे कारण नोकरी नसून एक वरिष्ठ होते, ते बदलून गेले आणि गोळाही गेला. आधी विभाग बदलून पाहावा, राजीनामा सर्वांत शेवटी.

शंकासुर : नऊ वर्षे! आपला संयम वंदनीय आहे, पण कृपया तो सल्ला म्हणून वाटू नका. शिकागो विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी द्विधेत सापडलेल्यांसाठी वीस हजारांहून अधिक नाणेफेकी करवल्या. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नोकरी सोडण्यासारख्या मोठ्या प्रश्नांत बदलाचा कौल मिळालेले लोक सहा महिन्यांनी अधिक समाधानी आढळले.

आडवाट : नाण्याकडे कौल मागायला जाणाऱ्याचे मन कामावरून आधीच उडालेले असते. शिवाय नव्याचे नऊ दिवस असतात. आपण उदारपणे सहा महिने धरले.

उंबरठा : दोघेही एक गोष्ट विसरता. मी राजीनामा दिला, तेव्हा तीन वर्षे मागूनही न मिळालेली पगारवाढ तासाभरात समोर आली, मी विरघळले आणि राहिले. सात महिन्यांनी कपातीच्या यादीत माझे नाव होते.

शंकासुर : दिलेला राजीनामा मागे घेऊच नये, तो यासाठीच.

आडवाट : कशावरून? मी एकदा मागे घेतला आणि पुढे बढतीही मिळाली.

उंबरठा : म्हणजे नऊ वर्षांत आपणही एकदा राजीनामा दिला होता तर! हे आधी सांगायला काय हरकत होती?

आडवाट : विषय माझा नाही.

शंकासुर : तर मग माझे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कामाच्या ताणातून येणाऱ्या बर्नआउटची जी लक्षणे नोंदवली, त्यांत थकव्याइतकाच कामाविषयीचा तुटकपणा आहे. थकवा सुट्टीने जातो असे म्हणत मी दोनदा सुट्टी घेतली. परतल्यावर एका अहवालातील बेरीज चुकलेली स्पष्ट दिसत असूनही मी तो तसाच पुढे पाठवला, आणि मला त्याचे काहीच वाटले नाही. त्या रात्री मी राजीनामा लिहिला.

आडवाट : गोळ्यापेक्षा ही खूण बरी, एवढे मान्य. मात्र निघण्यापूर्वी ती बेरीज दुरुस्त करायला हवी होती.

शंकासुर : केली. तेवढे तरी शिकवू नका.