माणसाने लिहिलेल्या कॉन्फिग फाइलला प्रोग्रामने हात लावावा का?

रात्रपाळी:
माझं मत ठाम झालंय, हाताने लिहिलेली कॉन्फिग फाइल (प्रोग्रामच्या सेटिंग्जची साधी टेक्स्ट फाइल) प्रोग्रामने फक्त वाचावी, तिच्यात परत काही लिहू नये. आमच्या एका पायथन टूलमध्ये कोणीतरी सेटिंग्जच्या स्क्रीनवरून लॉगची लेव्हल (टूलने नोंदी किती बारकाईने ठेवायच्या ते) बदलली, टूलने पायथनच्या कॉन्फिगपार्सर लायब्ररीने फाइल वाचली, एक व्हॅल्यू बदलली आणि अख्खी फाइल पुन्हा लिहून टाकली, झालं, सगळ्या कमेंट्स, म्हणजे माणसांसाठी लिहिलेल्या टिपा, साफ. त्यात 'टाइमआउट = ४७' (किती सेकंद वाट बघायची) अशी ओळ होती आणि तिच्या डोक्यावर कमेंट होती की समोरचा सर्व्हर ५० सेकंदांनी कनेक्शन तोडतो, वाढवू नका. दोन आठवड्यांनी नव्या सहकाऱ्याने त्याचे ६० केले आणि रात्री अडीचला मी लॉग चाळत बसलो. त्याला दोष देववत नाही, ४७ हा आकडा बघून कोणालाही वाटेल की चुकून पडलाय.

पायथन ३.११ मध्ये, म्हणजे २०२२ ला, टॉमललिब आलं, टॉमल ह्या कॉन्फिगच्या फॉरमॅटसाठीची लायब्ररी, त्यात वाचायची सोय आहे, लिहायची मुद्दाम दिलेली नाही. मला ते पटतं.

सुटसुटीत:
अजिबात पटलं नाही. तुम्ही हत्यार चुकीचं घेतलंत आणि दोष कामाला देताय. कॉन्फिगपार्सर वाचतानाच कमेंट्स टाकून देतो, मग लिहिताना त्या येणार कुठून? टॉमलसाठीची टॉमलकिट लायब्ररी वापरा, कमेंट्स, रिकाम्या ओळी, क्रम सगळं जसंच्या तसं राहतं, एक सेटिंग बदलली तर डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या फाइलच्या फरकात, तेवढी एकच ओळ दिसते. आणि ज्या माणसाला टेक्स्ट एडिटर उघडायचीच सवय नाही त्याने लॉगची लेव्हल बदलायला तुम्हाला फोन करायचा का? मला हे मनापासून खटकतं, आपण 'माणसाला सोपी फाइल' म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर फक्त प्रोग्रामर असतो.

अवतरणचिन्ह:
टॉमलपुरतं ठीक, यॅमल ह्या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये हे इतकं सरळ नाही. रुआमेल यॅमल (यॅमलसाठीची पायथन लायब्ररी) कमेंट्स राखतं, पण अवतरणचिन्हं राखायची सेटिंग तुम्ही चालू केली नाहीत तर ती काढून टाकतं. आता नॉर्वेचा देश कोड एन-ओ, तो कोणीतरी शहाणपणाने अवतरणात लिहिलेला, रुआमेलने फाइल परत लिहिली, अवतरण गेलं, ते स्वतः यॅमलची १.२ आवृत्ती धरून चालतं म्हणून त्याच्या दृष्टीने तो अजून शब्दच आहे. तीच फाइल दुसरीकडे पाययॅमल ह्या दुसऱ्या लायब्ररीने वाचली की ते जुन्या १.१ आवृत्तीचे नियम लावतं, त्यात अवतरणाशिवायचा एन-ओ म्हणजे 'नाही', आणि नॉर्वेचं होतं 'फॉल्स'. एरर नाही, काही नाही.

रात्रपाळी:
@सुटसुटीत टॉमलकिट बघितलं, चांगलं आहे, पण माझी अडचण त्याने सुटत नाही. उद्या स्क्रीनवरून कोणी ४७ चे ६० केले तर कमेंट जागेवर राहील आणि म्हणेल '५० ला तुटतं म्हणून ४७', खाली व्हॅल्यू ६०. गायब कमेंट परवडली, खोटी कमेंट जास्त वाईट. म्हणून मी दोन फाइली करतोय, एक माणसाची, एक प्रोग्रामची, आधी माणसाची वाचायची मग प्रोग्रामची तिच्यावर चढवायची.

सुटसुटीत:
म्हणजे मी माझ्या फाइलमध्ये व्हॅल्यू बदलणार, सेव्ह करणार, टूल दहादा रीस्टार्ट करणार आणि फरक शून्य, कारण दुसरीकडे कुठेतरी प्रोग्रामची फाइल तिला दाबून बसलीय. हे मी भोगलंय, अख्खी दुपार गेली होती.

रात्रपाळी:
हा मुद्दा खरा आहे, मानतो. सुरू होताना प्रत्येक व्हॅल्यू कुठल्या फाइलमधून आली ते लॉगमध्ये छापायलाच लागेल.

सुटसुटीत:
ते कराच. पण तुमच्या ४७ चं औषध फाइलमध्ये नाहीच. ५० ची मर्यादा खरी असेल तर ती कोडमध्ये तपासा, ५० किंवा जास्त दिसलं की टूल सुरूच होऊ देऊ नका आणि कारण एरर मेसेजमध्ये लिहा. मग व्हॅल्यू हाताने बदललेली असो की स्क्रीनवरून, नव्या माणसाला कारण तिथल्या तिथे कळेल. फाइलमध्ये लिहू नये हे मात्र मला अजूनही मान्य नाही.

रात्रपाळी:
तपासणी आजच घालतो. स्क्रीनवर टाइमआउट मी तरीही ठेवणार नाही.