कवडी इतकी चकचकीत कशी राहते?

आईकडे तुळजाभवानीची कवड्यांची माळ आहे, खूप जुनी, तरी चकाकी तशीच. पॉलिश करतात का? आणि येतात कुठून?

> पॉलिश नाही हो. कवडी म्हणजे समुद्री गोगलगायीचं कवच. ती गोगलगाय जिवंत असताना आपलं मांसल आवरण बाहेर काढून अख्ख्या कवचावर पांघरते, वर थर चढवत राहते, म्हणून शेवाळ धरत नाही.

> पूर्वी मुख्यतः मालदीवहून. उथळ पाण्यात नारळाच्या झावळ्या टाकायच्या, कवड्या चिकटल्या की ओढायच्या, मग पुरून मांस कुजवायचं (वास काय सुटत असेल!) आणि जहाजानं बंगालला, तिथं चलन, बदल्यात तांदूळ. पुढे युरोपियनांनी ह्याच कवड्या देऊन पश्चिम आफ्रिकेत गुलाम घेतले.

> पिवळट, टेंगळं असलेली असेल तर मोनेटा ही जात, स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं १७५८ ला नाव दिलेली. पाठीवर नारिंगी रिंग असेल तर अ‍ॅन्युलस ही दुसरी जात. फोटो टाका ना.