दोघांचा रॅप अल्बम: आवाज वेगळे कळत नाहीत आणि फोनवर ढोल गायब

सातपूर_सायफर
नाशिकच्या एका जोडीचा पहिला पॉप रॅप अल्बम मिक्सिंगला आहे. ९ गाणी, हुक (परत परत येणाऱ्या ओळी) गायलेले, ३ गाण्यांत ८०८ बेससोबत (ड्रम मशीनचा खोल बेस) नाशिक ढोल. ज्यांना ऐकवलं त्यांचा शेरा एकच: कोण कधी बोलतंय ते कळत नाही. फोनवर तर ढोलच ऐकू येत नाही. दोघांची पट्टी जवळपास सारखी. हे मिक्समध्ये सुटेल की परत रेकॉर्ड करावं लागेल? आणि रिलीजनंतर प्रतिसाद कशावरून मोजायचा? गणपतीच्या आधी काढायचाय.

फेडर_खाली
आवाजांचं बरंचसं मिक्समध्ये सुटतं. बीट बंद करा, फक्त दोघांचे मुख्य ट्रॅक मोनोत (डावं-उजवं एकत्र करून) ऐका. तिथेही फरक कळत नसेल तर प्लगइन वाचवणार नाही.

एकाला डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे टाकायचा मोह होतो. करू नका, एकच इयरबड लावून ऐकणाऱ्याला अर्धं गाणं मिळत नाही. दोघेही मधोमध राहू द्या आणि पोत बदला. पहिल्याचा आवाज एकेरी, कोरडा, जवळचा. दुसऱ्याला दोन डबल ट्रॅक (त्याच ओळी पुन्हा म्हणून रेकॉर्ड केलेले): डावी-उजवीकडे साधारण ४० टक्के, मुख्य ट्रॅकपेक्षा ८ ते १० डीबी खाली. पहिल्याला २ किलोहर्ट्झजवळ, दुसऱ्याला ४ किलोहर्ट्झजवळ दीड-दोन डीबी उचल पुरते. दोघांनाही ८०–१०० हर्ट्झखाली कट.

मराठीत 'स', 'च', 'छ' टोचतात, साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये. डी-एसर (असे टोचणारे आवाज दाबणारं प्लगइन) ३-४ डीबीपेक्षा जास्त दाबू नका, 'स'चा 'थ' होतो. 'भ' आणि 'फ'ची हवा मात्र रेकॉर्डिंगलाच अडवायची: पॉप फिल्टर, माइक वीतभर लांब आणि तोंडाच्या रेषेपासून जरा तिरका.

टिपरू_ताशा
ढोलाचं बोलतो. ८०८ 'जी'वर असेल तर त्याचा मूळ स्वर ४९ हर्ट्झ, फोनचा स्पीकर तिथे मुकाच. ढोलाची धूमही खालीच, म्हणजे मोठ्या स्पीकरवर दोघांची मारामारी आणि फोनवर दोघेही गैरहजर. ८०८ वर थोडं सॅच्युरेशन (हलकी विकृती) द्या, ९८ आणि १४७ हर्ट्झचे वरचे सूर निघतात, कान त्यावरून बेस ओळखतो. ढोलाची धूम कमी करून टिपरूचा (ढोलाच्या काठीचा) ठोका पुढे आणा. ८०८ ला साइडचेन लावा, म्हणजे ढोल पडला की ८०८ आपोआप तेवढ्यापुरता ३ डीबी खाली.

ढोलाच्या दोन्ही पानांना (दोन तोंडांना) वेगळे माइक लावले असतील तर एकाची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. एका बाजूचं पान आत जातं तेव्हा दुसरं बाहेर येतं, त्यामुळे दोन ट्रॅक मिसळले की धूमच कटते. निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं. गोदाकाठच्या सरावाचं फोन रेकॉर्डिंग असेल तर सोडून द्या. त्यातला घुमारा काढता येत नाही.

बारा_मात्रा
फेडर भाऊ, मिक्स ठीक, पण दुखणं लिखाणात दिसतंय. दोघे १६-१६ बार (चार ठोक्यांचा एक बार) सलग म्हणत असतील तर हिशोब करा. ९५ बीपीएमला (मिनिटाला ९५ ठोके) एक बार अडीच सेकंदांचा. ४ बार सुरुवात, १६ बार पहिला, म्हणजे दुसरा उगवतो ५० व्या सेकंदाला. स्पॉटिफायवर ३० सेकंदांना स्ट्रीम मोजला जातो, तोवर ऐकणाऱ्याला जोडी आहे हेच कळलेलं नसतं. ४-४ बारांची अदलाबदल करा, एकाच्या ओळीचा शेवटचा शब्द दुसऱ्याने उचलावा. एकाने सरळ ठेक्यावर, दुसऱ्याने तिप्पटीत (एका ठोक्यात तीन अक्षरं) म्हणावं. हे परत रेकॉर्ड करावं लागेल, सगळी ९ नाही, पण जिथे गुंता आहे ती तरी.

आउटकास्ट या अमेरिकन रॅप जोडीने २००३ मध्ये दोघांना चक्क एकेक डिस्क वाटून दिली आणि त्या अल्बमला २००४ चा अल्बम ऑफ द इयर ग्रॅमी मिळाला. पण ते दोघे तोवर मुरलेले होते. पहिल्याच अल्बमला हे करू नये.

सातपूर_सायफर
पोलॅरिटी उलटी केल्यावर ढोल उभा राहिला. प्रतिसादाचं सांगा कोणीतरी.

कॉलेजरोड_कॅटलॉग
एका आकड्याला भुलू नका. मॅकलमोर आणि रायन लुईस या अमेरिकन जोडीचा 'द हाइस्ट' ऑक्टोबर २०१२ मध्ये आला, पहिल्याच आठवड्यात सुमारे ७८ हजार प्रती आणि बिलबोर्ड २०० या अमेरिकन अल्बम यादीत थेट दुसरा. जानेवारी २०१४ मध्ये बेस्ट रॅप अल्बमचा ग्रॅमीही मिळाला, आणि खरी टीका तेव्हा पेटली, कारण त्याच नामांकन यादीत रॅपर केंड्रिक लामारचा समीक्षकांनी वाखाणलेला अल्बम होता आणि तो हरला. विक्री, समीक्षा, पुरस्कार, तिघांच्या वाटा वेगळ्या. माझ्या मते समीक्षकांचा राग पुरस्कार देणाऱ्यांवर होता, अल्बमला तो फुकटचा सोसावा लागला.

तुम्ही बघायचं ते किती जणांनी गाणं सेव्ह केलं, आणि ऐकणारे स्वतः शोधून आले की कुणाच्या प्लेलिस्टमधून. पैसे देऊन स्ट्रीम घेऊ नका. पकडलं गेलं की स्पॉटिफाय वितरकाला दंड लावतं आणि वितरक गाणं उतरवतो. १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला तिथे रॉयल्टीही नाही.

फाइल्स ३-४ आठवडे आधी वितरकाकडे द्या. स्पॉटिफायच्या संपादकीय प्लेलिस्टसाठी गाणं किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं, तेही एका वेळी एकच, म्हणून कुठलं ते आधी ठरवा. मास्टर -१४ लफ्सच्या (सरासरी मोठेपणाचं माप) आसपास, ट्रू पीक (सर्वात उंच टोक) -१ डीबी. तेच रेकॉर्डिंग जसंच्या तसं परत चढवलं तर आयएसआरसी कोड (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) जुनाच द्या, नाहीतर स्ट्रीमचा आकडा शून्यावर येतो; मिक्स बदललं तर मात्र नवा कोड लागतो.

आणि बीट भाड्याची असेल तर करार वाचा. बऱ्याच करारांत स्ट्रीमची मर्यादा असते आणि यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (दुसऱ्यांच्या व्हिडिओंतलं तुमचं गाणं आपोआप ओळखणारी यंत्रणा) टाकायला मनाई असते. टाकलंत तर तीच बीट घेतलेल्या दुसऱ्या पोरांच्या व्हिडिओंवर तुमचे दावे जातात.