तेलात कूलंट उतरलं तेव्हा: इनटेक गॅसकेट बदलण्याचे तुमचे अनुभव सांगा

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत होतं, पण गाडीखाली थेंब नव्हता. दोन महिने मी नुसती टाकी भरत राहिलो. एका सकाळी तेल तपासायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, ओढली तर तेल दुधाच्या कॉफीसारखं. व्ही-६ इंजिन (दोन तिरक्या रांगांत सहा सिलिंडर), त्यांना हवा पोचवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डचं गॅसकेट, म्हणजे सांध्यातली गळती रोखणारी पट्टी, कूलंटच्या वाटेपाशी चिरलं होतं. तिथून गळणारं कूलंट दोन्ही रांगांच्या सिलिंडर हेडांमधल्या खोलगटातून सरळ तळाच्या तेलाच्या चेंबरमध्ये जात होतं. म्हणून बाहेर काही दिसलंच नाही. गॅसकेट बसवून झालंय, पण आत गेलेल्या कूलंटची धास्ती अजून जात नाही. तुम्ही साफसफाई कशी केलीत, नीट सविस्तर लिहा.

*

आधी इंजिन चालू करणं बंद करा. कूलंटमधलं ग्लायकॉल गरम तेलात मिसळलं की चिकट गाळ होतो, फिल्टर तुंबतो आणि बेअरिंगवरचा तेलाचा थर टिकत नाही. मी गॅसकेट बसवल्यावर स्वस्तातलं तेल आणि नवा फिल्टर घातला, इंजिन रेस न करता गरम होऊ दिलं आणि लगेच सगळं काढलं. पहिल्या खेपेला राखाडी ताकासारखं आलं. दुसऱ्या खेपेला कडेला पांढरट रेघ होती. तिसऱ्यांदा काचेच्या बरणीत रात्रभर ठेवलं, तळाशी काही साचलं नाही, तेव्हा कुठे चांगलं तेल ओतलं. व्हॉल्व्ह कव्हरच्या आतला लोण्यासारखा थर मात्र हातानेच पुसावा लागला.

*

माझी चूक सांगतो, कुणी करू नये म्हणून. जुनं गॅसकेट निघेना, तर ड्रिलला घासायची चकती लावून पृष्ठभाग चकचकीत केला. चकतीची बारीक पूड खोलगटातून तेलात गेली आणि काही दिवसांतच बेअरिंग वाजायला लागली. ते इंजिन गेलं. दुसऱ्या इंजिनाला सगळी भोकं चिंध्यांनी बुजवली, प्लॅस्टिकची खरवडणी घेतली आणि दुपारभर बसून खरवडलं. बोट फिरवल्यावर कुठेच अडलं नाही, तेव्हा थांबलो.

*

मॅनिफोल्ड उचलण्याआधी रेडिएटर रिकामा करा. आम्ही विसरलो आणि उरलेलं सगळं कूलंट खोलगटात सांडलं. जुनं तेलही आम्ही शेवटी काढलं, म्हणून ते सांडलेलं त्याच्यासोबतच निघून गेलं. तेवढं एक बरं झालं.

*

माझं नवं गॅसकेट महिनाभरात पुन्हा गळलं. बोल्ट एका टोकाकडून सरळ आवळत गेलो होतो. मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या) आणि त्या इंजिनाच्या पुस्तकातल्या आकड्यानुसारच आवळायचे असतात. ॲल्युमिनियमचं मॅनिफोल्ड असेल तर काम थंड इंजिनावरच करा. पुढच्या-मागच्या कोपऱ्यांत, जिथे गॅसकेट संपतं, तिथे सिलिकॉनचा छोटा ठिपका लागतो. माझा मागचा कोपरा सुटला होता, तिथून तेल झिरपायचं.

*

फक्त तेल ओतायच्या झाकणाच्या आत पिवळट फेस आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर इंजिन उघडू नका. थंडीत जवळच्याच फेऱ्या मारल्या की आतली वाफ तिथे जमते. आधी प्रेशर टेस्ट करा, म्हणजे कूलंटच्या वाटेत दाब भरून तो उतरतो का ते बघा. माझ्या गाडीत काटा अर्धा तास जागचा हलला नाही.

*

काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि दगावतात. आमचा कुत्रा वेळेवर दवाखान्यात पोचला म्हणून वाचला.

*

प्रश्न विचारणारा मीच. सगळ्यांचं वाचून चकतीऐवजी खरवडणी वापरलेली बरी झाली असं वाटलं. काल दुसऱ्यांदा तेल काढलं. रंग अजून किंचित धुरकट आहे, बरणी खिडकीत ठेवली आहे.