मदत हवी आहे: प्लॅन २००चा, डाउनलोड ९४वर अडकलंय

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला घरूनच लग्नाचे अल्बम डिझाइन करते. फोटोग्राफर एका लग्नाचे ३५-४० जीबी फोटो ड्राइव्हवर टाकतात, ते उतरवून घेतले की माझं काम सुरू. इतके दिवस याला अर्धा तास पुरायचा. डाउनलोड लावायचं, पोळ्या लाटायला घ्यायच्या, शेवटची पोळी तव्यावर असेतो फोटो आलेले असायचे. गेल्या सोमवारपासून पोळ्या होतात, जेवणं होतात, ओटा आवरून होतो, तरी पट्टी सरकतेच आहे. पूर्ण तास जातो.

प्लॅन २०० एमबीपीएसचा, फायबर. पूर्वी स्पीड टेस्टला १९५ ते २०० यायचे. आता ९३-९४. सकाळी सहाला ९४, रात्री दहाला ९४.

घरातली मांडणी अशी: हॉलमध्ये दाराजवळ कंपनीचा फायबरचा डबा (ओएनयू). तिथून भिंतीतल्या पाइपातून लॅनची वायर आतल्या खोलीत येते. तिथे माझा स्वतःचा राउटर आणि राउटरला वायरने जोडलेला कॉम्प्युटर.

करून पाहिलेलं: डबा आणि राउटर दोन्ही बंद करून दहा मिनिटांनी चालू केले. कॉम्प्युटर बदलला. राउटर ते कॉम्प्युटर ही वायर बदलली, विंडोजमध्ये लिंक स्पीड १०००/१००० दिसतो. एफयूपी (पूर्ण स्पीडने मिळणारा डेटा) संपलेला नाही, ३३०० जीबीतले ९००च्या आसपास वापरलेत.

कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याने मीटर लावला, लाइट (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) मायनस १९ आहे म्हणाला, स्वतःचा लॅपटॉप थेट डब्याला लावून २०० दाखवले आणि "मॅडम, आमच्याकडून ओके आहे" म्हणून तक्रार बंद करून गेला. मी "अहो पण" म्हणेपर्यंत जिना उतरला होता.

आता राउटर गेला असं धरून नवीन घेऊ का? तीन-चार हजार घालवायच्या आधी विचारावं म्हटलं.

प्रतिसाद
डीएनएस बदला. ८.८.८.८ टाका, माझं तरी पळायला लागलं होतं.

प्रतिसाद
वायफाय २.४वर असेल, ५ गिगाहर्ट्झवर घ्या. आमच्या सोसायटीत २.४वर तीस-तीस नावं दिसतात, सगळे एकमेकांच्या डोक्यावर बसलेले.

धागाकर्ती
डीएनएस बदलून पाहिला, फरक नाही. आणि वायफायचा प्रश्न नाही हो, कॉम्प्युटर वायरवर आहे. तरी मोबाइलवर ५ गिगाहर्ट्झला बघितलं, तिथेही ९४च.

निवृत्त टेलिफोनवाला
डीएनएस म्हणजे पत्ता शोधून देणारा. पत्ता सापडल्यावर सामान किती वेगाने येतं याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. दर धाग्यात हा सल्ला येतोच, असो.

ताई, दोन गोष्टी सांगा. अपलोड किती येतोय? तुम्ही फक्त डाउनलोडचाच आकडा दिला आहे. आणि राउटरच्या पानावर लॉगिन करून 'वॅन' किंवा 'इंटरनेट पोर्ट'समोर (डब्याकडून आलेली वायर जिथे लागते ते) काय लिहिलंय ते बघा. कॉम्प्युटरचा लिंक स्पीड नको, तो राउटर आणि कॉम्प्युटरमधला झाला.

धागाकर्ती
काका, अपलोडकडे मी लक्षच दिलं नव्हतं. तोही ९४! पूर्वी तोही २००च्या आसपास असायचा. आणि वॅनसमोर लिहिलंय '१०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स'. पूर्वी काय होतं ते कधी पाहिलं नाही.

निवृत्त टेलिफोनवाला
मग राउटर घेऊ नका. तुमचा आकडाच सगळं सांगतोय.

लाइनवर गर्दी असती तर आकडा हलला असता. सकाळी १८०, रात्री ६० असं काहीतरी. फायबर कुठे दुमडली असती तर लाइट पडली असती. मायनस २७च्या पलीकडे गेली की डबा अडखळायला लागतो, तुमची १९ म्हणजे ठणठणीत. आणि दिवसरात्र, वर-खाली दोन्हीकडे ९४ म्हणजे मधली कुठली तरी लॅनची लिंक १००वर उतरली आहे.

१०० असून ९४ का, तर प्रत्येक पॅकेटला वेष्टन लागतं. तारेवरून १५३८ बाइट जातात तेव्हा त्यात तुमच्या फाइलचे साधारण १४४८ असतात. भागून बघा, ९४ टक्के.

आता वायर. तिच्यात आठ तारा, चार जोड्या. गिगाबिटला चारही लागतात. १००ला दोन पुरतात, नेहमीच्या रंगक्रमात नारिंगी आणि हिरवी. निळी किंवा तपकिरी तुटली की बहुतेक उपकरणं दोन्ही टोकांनी आपसांत ठरवून गुपचूप १००वर येतात. लाल दिवा नाही, तक्रार नाही, नेट चालूच. ज्याचा प्लॅन १००च्या आतला त्याला आयुष्यभर कळणार नाही.

म्हणजे कंपनीचा माणूस खोटं बोलला नाही. त्याने डब्यापर्यंत तपासलं, तुम्ही राउटरपासून पुढे. भिंतीतला तुकडा दोघांनीही पाहिला नाही. राउटर उचलून हॉलमध्ये न्या, हातभर नव्या वायरने डब्याला जोडा आणि सांगा.

धागाकर्ती
काका!! १९८ / १९९. वॅनसमोर १०००. राउटर परत आत आणून जुन्या वायरला लावला की पुन्हा १००.

पण भिंतीतल्या वायरला आपोआप काय होणार? उंदीर म्हणावा तर पाचवा मजला.

निवृत्त टेलिफोनवाला
आधी दोन्ही टोकांच्या क्लिपा कापून नव्या बसवून घ्या. बऱ्याचदा दोष तिथेच असतो, तार क्लिपेत नीट दाबलेली नसते. कॉम्प्युटरच्या दुकानात क्रिम्पिंगवाला असतो, त्याच्याकडे टेस्टरही असतो. आठ दिवे ओळीने लागतात, जो लागणार नाही ती तार तुटकी.

आणि आठवून बघा, सोमवारच्या आधी त्या भिंतीवर काही काम झालं होतं का?

धागाकर्ती
आज क्रिम्पिंगवाला आला. क्लिपा बदलल्या, टेस्टरवर ७ आणि ८ लागतच नाहीत. तपकिरी जोडी.

आणि हो, रविवारी हॉलमध्ये पडद्याचा रॉड बसवून घेतला. नेटशी संबंध असेल असं स्वप्नातही आलं नाही म्हणून लिहिलं नव्हतं. दुसरा ब्रॅकेट बरोबर त्या पाइपाच्या रेषेत आहे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तरी मी सांगत होतो जुना रॉड चांगला होता.

जुन्या वायरला नवीन बांधून ओढून घेता येईल का?

निवृत्त टेलिफोनवाला
स्क्रू पाइपात घुसलाय तोवर ओढू नका. वायर तिथेच अडकेल, जोर लावला तर आतच तुटेल आणि नवीन ओढायचा दोराही जाईल. आधी तो स्क्रू काढायचा. त्या पाइपात किंवा शेजारून लाइटची वायर जात असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नका, आणि हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. तपकिरी जोडीवर निभावलं हे नशीब समजा.

धागाकर्ती
इलेक्ट्रिशियन बघून गेला. लाइटची वायर त्या पाइपात नाही, पण ब्रॅकेट काढला तर प्लास्टर निघेल म्हणतो, आणि रंग दिवाळीलाच झालाय. म्हणून भिंतीच्या कडेने, फरशीलगत पट्टी मारून त्यातून नवीन कॅट-६ लॅनची वायर नेतोय. १२ मीटर लागेल. शनिवारी येतो म्हणालाय, तोपर्यंत वायर हॉलमधून आडवी पसरली आहे आणि सासूबाईंनी तिच्यावर सतरंजी घातली आहे.